चपलांच्या रांगेतला बूट

बारावीनंतर मला फिजिओथेरपी शिकायची आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. ते नेमकं काय असतं, हे मला माहीत नव्हतं. वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. त्यांच्या मते शहाण्या मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. शेवटी त्यांनीच ओळख काढून मला एका बाईंच्या मागे धाडलं. या बाई शाळाशाळांतून फिरून पोलिओ झालेल्या मुलांकडून व्यायाम करून घेत. "दोन महिने जा, बघ, आणि डोक्यातलं खूळ काढून परत ये," वडील म्हणाले. ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील.

बाईंचे नियम तीन. मुलांना हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. लूनावर त्या पुढे, मी मागे, आणि मधल्या पिशवीत मुलांच्या पायांना बांधायच्या वाळूच्या पुरचुंड्या. त्यातली एक फाटकी होती. पहिल्या आठवड्यात मी जे काही शिकले, ते बहुतेक त्या वाळूबद्दलच होतं.

पंचवटीच्या पलीकडे, मळ्यांच्या बाजूला, एक दोन खोल्यांची शाळा होती. तिथे तिसरीत एक मुलगी होती. आजारपणामुळे शाळेत उशिरा आलेली, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि चांगली उंच. डावा पाय पोलिओने लुळा झालेला. वर्षापूर्वी तिला कॅलिपर मिळालं होतं. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि सळयांची खालची टोकं बुटाच्या टाचेत पक्की बसवलेली. बूट काढला की कॅलिपर निघालं. हेही मी वहीत लिहिलं आणि विसरून गेले.

तिचे वडील झेंडू आणि भाजी पिकवत. सकाळी बाजार उरकून ते तिला सायकलवरून शाळेत आणत. आम्ही प्रार्थनेआधी व्हरांड्यात तिला तपासायचो, बाई मोजपट्टी लावून तिचा गुडघा किती वाकलेला राहतो ते मोजायच्या, आणि घंटा झाली की आम्ही पुढच्या शाळेकडे निघायचो. मी दर वेळी लिहायचे, "कॅलिपर घालते." आणि बाई दर वेळी सांगायच्या तो गुडघ्याचा आकडा जिथल्या तिथे असायचा. पाय सरळ होईना.

सातव्या आठवड्यात बाईंनी मुलीच्या वडिलांचे कान उपटले. "घरी गेल्या गेल्या काढून ठेवता ना ते? खरं सांगा."

"नाय बाई. सकाळी बांधतो ते रातीच सोडतो."

"मग फरक का नाही?"

वडील थोडा वेळ सायकलची घंटी पुसत राहिले. मग म्हणाले, "वरीस झालं. फरक नाय, हे तुमीच म्हनता. मंग कशाला आनायची? दिवाळीनंतर नाय पाठवत. घरी हार तरी ओवील."

मुलगी तिथेच बसली होती. तिने दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला आणि बाईंना विचारलं, "किती व्हायला पायजे?" मला रडू आलं. रडण्याबद्दल नियम नव्हता, तरी मी वहीत तोंड घातलं.

त्या दिवशी बाई मोजपट्टी व्हरांड्यात विसरल्या आणि आम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. मोजपट्टी आणायला मी गेले, तर ती हेडमास्तरांनी आत नेऊन ठेवली होती. त्या शाळेत वर्गात चपला घालून जायचं नाही, म्हणून मी पायरीवर बसून सँडलचा पट्टा सोडू लागले. शेजारी पोरांच्या चपलांची रांग होती. त्या रांगेत, सगळ्यांपेक्षा वर डोकं काढून, तिचा बूट सळयांसकट उभा होता.

आत डोकावले. मुलगी फरशीवर हातांनी सरकत भिंतीकडच्या आपल्या जागेवर चालली होती. तिने मला पाहिलं आणि हसली. सगळे चपला बाहेर काढतात, तशी तीही काढत होती. अकरा ते पाच. घरून निघताना घालायची, शाळा सुटली की पुन्हा घालायची. वडिलांना पाहायला मिळे ते घातलेलंच, आणि आम्हालाही.

मी नियम मोडून बाईंना ओरडून बोलावलं.

हेडमास्तर वाईट नव्हते. वर्गात स्वतःही अनवाणी असत, टाचांना भेगा पडलेल्या. पण ते हलेनात. "चामडं आहे बाई. आत सरस्वतीची तसबीर आहे. आज हिला सोडलं तर उद्या सगळे चपला घालून बसतील."

"सर, तुमच्या कमरेचा पट्टा कशाचा आहे?"

"तो पायात नाही," हेडमास्तर म्हणाले, आणि वाद संपला.

तिथून बाई थेट मळ्यात गेल्या. मुलीचे आईवडील दसऱ्यासाठी झेंडू तोडत होते. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चुकले. तुम्ही बरोबर बांधत होता." वडिलांना कुठे बघावं ते कळेना. आईने चहा टाकला. शाळेत काय होतं ते बाईंनी सांगितलं, हेडमास्तरांचं म्हणणंही सांगितलं. "ते ऐकेपर्यंत मी येत राहीन. तुम्ही तिला काढू नका," त्या म्हणाल्या. वडील पुन्हा झेंडू तोडू लागले.

दोन दिवसांनी दसरा झाला. त्यानंतर शाळा भरली, त्या दिवशी आम्ही घंटेच्या आधीच पोचलो. वडिलांनी मुलीला सायकलवरून उतरवलं. दोन्ही सळयांना हळदीकुंकवाची बोटं, मांडीच्या पट्ट्यात आपट्याचं पान खोचलेलं, बुटाला झेंडूचा छोटा हार. घरी तराजू, विळे आणि सायकल पूजेला मांडली, तेव्हा मुलीने पायातलं काढून त्यांच्या शेजारी ठेवलं होतं. आईने त्यालाही कुंकू लावलं.

दारात हेडमास्तर उभे होते. मुलगी सवयीने पायरीवर बसायला गेली. वडिलांनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"सर," ते म्हणाले, "पूजलेली वस्तू हाय. चपलांत कशी ठेवू?"

हेडमास्तरांनी बुटाकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेल्या स्वतःच्या सायकलकडे पाहिलं. तिच्या हँडललाही हार होता. दोन्ही हार बहुधा एकाच मळ्यातले.

"नाही ठेवता येणार," ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

ती आत गेली. जागेवर मात्र बसली नाही. सरळ फळ्याशी गेली. त्या वर्गात रोज एकेकाने नंबरवारीने फळ्यावर तारीख लिहायची पद्धत होती. उभं राहता येत नाही म्हणून तिचा नंबर आला की पुढच्याला उठवत.

"आज तेविसाचा नंबर आहे," हेडमास्तर म्हणाले.

"माझा तीन वर्षांचा राह्यलाय," मुलगी म्हणाली.

त्यांनी खडू दिला. तिने डाव्या हाताने फळ्याची चौकट धरली, उजवा हात ताणला, आणि अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. मी दारात अनवाणी उभी राहून रडले. बाईंनी पाहिलं, पण रागावल्या नाहीत. वहीत मी लिहिलं, "कॅलिपर घालते."

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा ती तारीख फळ्यावर तशीच होती. खाली त्या दिवसाची तारीख कुणीतरी वेगळी लिहिली होती. मुलांचे हात तिथवर पोचत नव्हते. हेडमास्तरांचा पोचत होता, पण ते पुसत नव्हते.