वन्स मोअर नक्की कशाला?

माझ्या मुलीच्या नाटकाची परीक्षणं छापून आली आणि ती वाचून, आपण तेच नाटक पाहिलं की दुसरं, अशी मला शंका यायला लागली. एकाने लिहिलं, जुन्या कौटुंबिक संगीत नाटकाला नवा श्वास मिळाला. दुसऱ्याने लिहिलं, होता तो श्वासही गेला. तिसऱ्याने ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हटलं. पुण्यात याहून मोठी शिवी नाही. मी स्वतः पहिल्या अंकात डोळे पुसले होते आणि दुसऱ्यात जांभया दिल्या होत्या, त्यामुळे मला तिघांचंही पटत होतं.

खरी पंचाईत तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत होती. ‘अंगाईनंतर एका ज्येष्ठ प्रेक्षकाने दिलेला खोचक वन्स मोअर पुरेसा बोलका होता.’ हे ज्येष्ठ प्रेक्षक म्हणजे माझे वडील.

गाणं आवडलं की वन्स मोअर द्यायचा आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं, ही संगीत नाटकाची रीत. पण आमच्याकडे गाणं फसलं तरी वन्स मोअर देतात, तेवढ्याच मोठ्याने, आणि मग नाट्यगृह हसतं. त्या दिवशीही हसलं. मुलगी आईच्या भूमिकेत मांडीवर बाळ घेऊन बसली होती. नव्या नाटकात पेटी-तबल्याची साथ नाही, साथीचा सगळा ट्रॅक आधीच ध्वनिमुद्रित केलेला. ती पुन्हा म्हणणार कशी? पुढच्या प्रसंगाचं संगीत वाजायला लागलं आणि ती मुकाट्याने उठली.

“मी हा रोल सोडतेय,” परीक्षण वाचून ती म्हणाली. “बाकी कोणी काहीही लिहू दे गं. पण आजोबांनी?”

मला वडिलांचा राग आला. मग, राग यावा असं त्यांनी काही केलंय का, तेही कळेना. खोचक बोलता येत नाही अशातला भाग नाही. माझ्या सासऱ्यांना एकदा ते “आपला आवाज अगदी मोकळा आहे हं” म्हणाले होते. सासरे अजून खूश आहेत. शेवटी सरळ विचारलं, “आबा, वन्स मोअर कौतुकाचा होता की टिंगलीचा?”

“कसली टिंगल? मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मागितलं. मागे ढोल केवढे बडवत होते! अंगाई होती की विसर्जन?”

म्हणजे कौतुक नाही, टिंगलही नाही. टीका म्हणावी, तर तिच्यावर नाही. मी हे मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे मी ऐकू येण्याइतकंही गायले नाही.” कपाळ माझं!

रात्रीची जेवणं झाल्यावर ती आपणहून त्यांच्या खोलीत गेली. पंखा बंद केला, त्यांच्या बऱ्या कानाशी बसली आणि नुसत्या आवाजात अंगाई म्हणाली. मी दारात उभी होते. आबा डोळे मिटून ऐकत होते.

“फार सुंदर आहे गं ही,” ते म्हणाले. “मग नाटकात ती दुसरी कशाला घेतलीत?”

“आजोबा, तीच आहे ही.”

आबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहराच पडला. “मग तिथे तू कुठे होतीस?”

ती उठली. फोन घेऊन गॅलरीत गेली, दिग्दर्शकाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. मला एवढंच नीट ऐकू आलं, “अंगाईला ट्रॅक नको. नुसती मी.”