तिघांतली एक चिठ्ठी

सप्टेंबर १९५३ची तीस तारीख. भिशी एकशेवीस रुपयांची. बारा जण, दरमहा प्रत्येकी दहा. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत तिघेच होतो : शेजारी, त्यांची पत्नी आणि मी. ती क्षयाने अंथरुणाला खिळलेली. इंजेक्शनांचे पैसे आठवड्यात भरायचे होते. भिशी लागली तर ठीक, नाहीतर तिच्या पाटल्या कल्याणच्या सोनाराकडे मोडायच्या, एवढाच प्रश्न होता.

भिशी चालवणारे काका महिनाअखेरीस देवापुढे एकटेच चिठ्ठी उचलत आणि सगळ्यांचे दहा-दहा जमा झाले की पाच तारखेला नाव सांगत. आधी सांगितलं की बाकीच्यांचे पैसे रेंगाळतात, हा त्यांचा अनुभव. नाव लागायचे तिघे उरलो होतो : शेजारी, मी आणि कोपऱ्यावरचे शिंपी.

शेजारी नुकतेच काकांकडून आले होते. तुमचं निघालं की नाही ते सांगणार नाही, असं काका म्हणाले. मग बाकी दोघांतलं न निघालेलं एक नाव तरी सांगा, अशी यांनी गळ घातली. शिंप्यांचं नाही, एवढं काका बोलले.

"आता दोघंच उरलो. निम्मी खात्री," शेजारी म्हणाले. "पाटल्या राहू देत."

हिशेब मला पटेना. यांचं नाव निघालेलं असो वा नसो, शिंपी आणि मी, आम्हा दोघांपैकी न निघालेलं एक नाव काकांना सांगता येणारच होतं. त्यामुळे यांच्याबद्दल नवीन काहीच कळलं नव्हतं. तीनांत एक शक्यता होती, ती तेवढीच राहिली. शिंप्यांची वजा झाली, ती माझ्या बाजूला जमा. मी तसं सांगितलं.

"म्हणजे खेटे मी घालायचे आणि वाढायचं तुमचं!" ते हसले.

अंथरुणावरून ती म्हणाली, "मग भावजींचंच निघालंय म्हणायचं."

ते हसायचे थांबले. माझं निघालं तर उचल तुम्ही घ्या, तुमच्या पाळीला मी घेईन, असं मी म्हणालो. मग अपूर्णांकांचं कारणच उरलं नाही.

माझंच निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. दिवाळीत ती दोन दिवस उठून बसली. पुढच्या इंजेक्शनांना पाटल्या मोडाव्या लागल्याच. त्यानंतर पंधरवड्यात ती गेली.

शेवटची पाळी शेजाऱ्यांची. चिठ्ठी उचलायची गरज नव्हती. मी राहू द्या म्हणालो.

"तिच्यासमोर ठरलं होतं," ते म्हणाले.

पाच डिसेंबरला एकशेवीस रुपये मला मिळाले.