वेंकोबाअण्णांचा घसा

आज वीस जुलै. सकाळपासून माझ्या माइकसेटच्या दुकानात बसून कर्णे पुसते आहे. तामिळ आडी महिना लागला की इथे तंजावुरात मारियम्मन देवीच्या उत्सवांमुळे भाड्याचा माइकसेट एक दिवस घरी राहत नाही. पण हे दोन कर्णे मी बाजूला काढून ठेवलेत. उद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी वेंकोबाअण्णांची शोकसभा आहे.

अण्णा आमचे शेजारी. तामिळ सिनेमात वीसेक वर्षं खलनायक होते. विधवेला घराबाहेर काढणारा जमीनदार, तांदूळ दडवून ठेवणारा गिरणीवाला, सगळे तेच. रुंद कपाळ, झुपकेदार मिशा आणि भिंत हादरवणारा आवाज. आवाज मात्र त्यांचा नव्हता. मद्रासच्या स्टुडिओत एक दुसराच माणूस तो देई. अण्णांचा स्वतःचा आवाज शाळकरी पोरासारखा बारीक, वर थोडा चिरका. पहिल्याच सिनेमाच्या वेळी दिग्दर्शकाने त्यांना दोन वाक्यं म्हणायला लावली आणि सांगितलं, "पोदुम्, पुरे. तुम्ही तोंड हलवा, बाकी आम्ही बघतो."

अण्णा हे हसत सांगायचे. "चेहरा माझा, घसा परक्याचा. जेविलों मात्र मीच, गे!" आमच्या तंजावुरी घरांतली ही जुनी मराठी तुमच्याकडे महाराष्ट्रात आता कुणी बोलत नाही म्हणे. अण्णा तीच बोलत.

सिनेमे थांबल्यावर ते इथे परत आले आणि रोज संध्याकाळी दुकानात येऊ लागले. दारातूनच विचारायचे, "का गे सरस, जेविलीस की?" मी दुरुस्त केलेला माइक तपासायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. बाकीचे "हॅलो, वन टू थ्री" म्हणतात. अण्णा विचारत, "मागच्या रांगेतल्या पाट्टीला ऐकू येतं का?" पाट्टी म्हणजे आजी. समोर रस्त्यापलीकडे फुलं विकणारी कामाच्ची पाट्टी हात वर करी. मग माइक पास. त्यांच्या आवाजासाठी अँप्लिफायरचं बटण कुठवर फिरवायचं तिथे मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. इतर कुणासाठी तेवढं फिरवलं तर कर्णा फुटेल.

पुढे एका पक्षाने त्यांना विधानसभेला उभं केलं. कोणता ते सांगत नाही. मी सगळ्यांची कामं घेते. पहिल्या सभेआधी पक्षाची मुलं दुकानात आली. त्या मद्रासच्या माणसाकडून त्यांनी अख्खं भाषण म्हणवून, रेकॉर्ड करून आणलं होतं.

"अक्का, तुम्ही फक्त लावायचं. अण्णा ओठ हलवतील."

"आणि निवडून आल्यावर? विधानसभेतही मीच मशीन घेऊन येऊ?"

"ते नंतर बघू, अक्का."

मुलं गेल्यावर मी अण्णांना विचारलं. ते वायर गुंडाळत बसले होते.

"माझा आवाज ऐकून लोक हसतील, गे."

"हसतील."

"मग?"

"मग थांबतील. माणूस किती वेळ हसेल?"

त्यांनी वायर पुरती गुंडाळली आणि म्हणाले, "नको. त्यांचंच लाव."

सभा ओरत्तनाडूजवळच्या एका गावात, कापणी झालेल्या भातखाचरात होती. मी रेकॉर्डिंग लावलं. गर्जना सुरू झाली, शिट्ट्या पडल्या. अण्णांचे ओठ अगदी बरोबर हलत होते, आयुष्यभराची सवय. तेवढ्यात पुढे बसलेली एक ठेंगणी बाई उठून स्टेजजवळ आली आणि ओरडली, "अय्या, साहेब, आमच्या कालव्याला पाणी कधी सोडणार?"

रेकॉर्डिंग तिला काय उत्तर देणार? ते पूर्वजांच्या पराक्रमाबद्दल गरजत राहिलं. अण्णांनी तोंड मिटलं. आवाज चालूच. सगळ्या सभेने ते पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि बटण लाल ठिपक्यावर नेलं.

"माहीत नाही, अम्मा," अण्णा त्या बारीक आवाजात म्हणाले. "मी कुणाला विचारलंच नाही अजून. उद्या विचारतो."

लोक हसले. मागचे तर खूपच हसले. अण्णा हात जोडून उभे राहिले. हसणं थांबल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेले आणि तिथून बसने त्या बाईला सांगायला गेले. निवडणूक मात्र हरले, चांगलेच हरले. पक्षाने त्यांना सोडलं आणि मलाही पुन्हा बोलावलं नाही.

नंतर ते अपक्ष म्हणून आमच्या वॉर्डातून नगरसेवक झाले. त्यांच्या खोलीत भांडायला येणारा माणूस आधी तावातावाने बोले. पण अण्णांचं उत्तर ऐकायचं तर त्याला गप्प व्हावंच लागे, आणि मग तोही हळू बोलू लागे. गटारांची आणि नळांची बरीच भांडणं तिथे अशी मिटली. "पूर्वी माझं तोंड पाहून लोक घाबरत," अण्णा म्हणत. "आता कान देतात. हें बरें."

गेल्या आठवड्यात ते झोपेतच गेले.

आत्ता दुपारी गल्लीतली मुलं पेनड्राइव्ह देऊन गेली. त्यात अण्णांचे गाजलेले संवाद आहेत. "अक्का, सुरुवातीला दोन-तीन लावा, पब्लिक थांबेल." बघते म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

एकवीस जुलै. सकाळी कर्णे बांधले आणि मुलांना पेनड्राइव्ह परत दिला.

"मग लोकांना ऐकवायचं काय, अक्का?"

"ज्यांना बोलायचं आहे ते बोलतील."

माइक तपासायला मीच उभी राहिले. मागच्या रांगेतल्या पाट्टीला ऐकू येतं का, असं विचारलं. कामाच्ची पाट्टीने हात वर केला. मग मी माइक बराच खाली घेतला. पहिली बोलणार होती ती ओरत्तनाडूकडून बसने आलेली बाई, आणि ती ठेंगणी आहे.