मास्तरांचा फोल्डर

पसारा बघितला की माझे डोके फिरते. त्यामुळे आमच्या प्रकल्पाचे कोड आवरायचे ठरले, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या पिटणारा मीच होतो. प्रकल्प म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. अंधांसाठी, फुकट, आणि कोड कुणालाही उघडून सुधारता येईल असे. जगभरची माणसे नोकरीधंदा सांभाळून ते लिहितात. वाळूजच्या कारखान्यातून मुकुंदवाडीला घरी आलो की मीही त्यात खुडबुड करायचो. मराठी आवाजाचे काम माझ्याकडे होते.

कोडची अवस्था लग्नघरासारखी. एकाच गोष्टीच्या प्रती चार फोल्डरांत, आणि वापरातली कुठली हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. नवा माणूस यायचा, चकरा मारून दमायचा आणि गायब व्हायचा. आवरायलाच हवे होते, हे आजही म्हणतो.

या भानगडीत मी पडलो तो बाईंमुळे. बाई आमच्याच शहरात, छावणी भागात राहतात. घरी दखनी बोलायच्या आणि शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या, तेही कान पकडून. पुढे मधुमेहाने त्यांची नजर गेली, मुलगा पुण्याला. मी त्यांच्या संगणकावर हे सॉफ्टवेअर बसवून दिले आणि बाई पुस्तके ऐकू लागल्या. आवाज खरखरीत होता, पण बाईंचा त्याच्यावर जीव. त्याला त्या ‘मास्तर’ म्हणत. मास्तर चुकले की मला फोन.

“तुझे मास्तर लई घाई करतात रे. पूर्णविरामाला जरा दम खायला सांग त्यांना.”

मी सांगायचो, म्हणजे फोल्डरात जाऊन दुरुस्ती करायचो.

मग आवराआवरीचा आराखडा आला. प्रत्येक भाषेला एकच फोल्डर, सगळे आवाज नव्या पद्धतीचे, जुन्या पद्धतीचे काढून टाकायचे. जुन्यांत मास्तर होते. मी लिहिले, हा आवाज राहू द्या, एक बाई रोज ऐकतात. प्रकल्पाचे प्रमुख दूरदेशीचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारले, नव्या मराठी आवाजात खोट काय आहे? खोट नव्हतीच, आवाज गोड होता. पण बाईंचे कानही आता थकलेत. त्या गोडव्यात त्यांना शब्द सुटे ऐकू येत नव्हते, नुसती भुणभुण वाटायची. तेही लिहिले. उत्तर आले, बघू. इंग्रजीत होते, पण अर्थ आपल्याकडचाच. थोड्याच दिवसांत मास्तरांचा फोल्डर गेला.

त्यांनी वाट दाखवली नाही असे नाही. फोल्डर तुमच्याकडे घ्या, वेगळा सांभाळा, म्हणाले. घेतला. पण मूळ कोडमध्ये तिकडे काही हलले की इकडे मास्तर मुके. मी जोडून द्यायचो, ते पुन्हा मुके व्हायचे. सॉफ्टवेअर जुनेच ठेवावे, तर बाईंच्या मुलाने हौसेने घेऊन दिलेल्या नव्या संगणकावर ते चालेना. चिडायचे तरी कुणावर? सगळे शहाण्यासारखे वागत होते आणि याचाच मला संताप यायचा.

“मास्तर आज पण रजेवर हायेत का रे?” बाई फोनवर विचारायच्या. मी हसायचो आणि रात्री पुन्हा कोड उघडून बसायचो.

पुढे फोन येणेच थांबले. एका रविवारी सकाळी गेलो. संगणकावर विणलेला रुमाल पांघरलेला होता.

“मास्तर रिटायर झाले,” बाई म्हणाल्या. “तू नको जिवाला लावून घेऊ, बेटा. बस. ते पुस्तक अर्धंच राहिलंय, आता तूच वाच.”

रुमाल काढला, पडद्यावरून वाचू लागलो. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी अडवले, “दम खा. पूर्णविराम हाय तिथं.” मग मी दम खात वाचत राहिलो आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. निघायला उठलो, तेव्हा दुपार टळली होती.

“उद्या येशील?” त्यांनी विचारले.

उद्या कारखाना, घरी यायला रात्र. परवाही तेच.

“बघू, बाई,” मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. हाताने चाचपत रुमाल उचलला आणि परत संगणकावर नीट बसवला.