फुकटचा बिलाचा प्रोग्रॅम

ही वही कुणी उघडलीच, तर माझं शुद्धलेखन आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली.

चौक गावच्या ढाब्यांना मी मसाला देते. ते छापील बिल मागू लागले, म्हणून बचत गटाचं कर्ज काढून जुना कॉम्प्युटर आणि बिलाचा प्रोग्रॅम घेतला. वर्षभराने प्रोग्रॅम अडला, पुन्हा पैसे मागू लागला. विकणाऱ्याला "का?" विचारायची लाज वाटली, म्हणून गटाच्या हप्त्यांचे पैसे मुकाट्याने त्याला भरले. हप्ते थकले, म्हणून गटाने नवी कर्जं थांबवली आणि गटातल्याच शेजारच्या आपाचं शिलाई मशीनचं कर्ज माझ्यामुळे अडकलं.

कारण सांगितलं, तर रागवायचं सोडून आपा हसली. "अगं, शिलाईच्या बिलांना मी फुकटचा प्रोग्रॅम वापरते."

"चोरीचा?"

"चोरीचा नाय गं. बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना वापरायला दिलाय."

तिने पेनड्राइव्ह दिला. फुकट देणारा एक दिवस पैसे मागायला दारात येऊन बसेल, या भीतीने मी तो महिनाभर डब्यात ठेवला. पुढच्या वर्षाच्या पैशांसाठी फोन आला, तेव्हा कुठे आपाकडून तो प्रोग्रॅम बसवून घेतला. बिलं तशीच निघाली, शिवाय मराठीत.

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून पेनड्राइव्हही मी मसाल्याच्या पुडीत खोचून दिला.

"कॉम्प्युटर शिंकतोय गं माझा," आपा म्हणाली.

वाचलेल्या पैशांतून थकलेले हप्ते भरत गेले, तसं आपाचं अडकलेलं कर्जही सुटलं. परवाच्या बैठकीत, आपाच्या शेजारी बसून, शेवटचा हप्ता देऊन कर्ज पुरतं फेडलं.