रंग शोधणाऱ्या अक्का

शेजारच्या कानडी अक्का हेब्बाळच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या रंगावर काम करतात. प्रत्येक वाक्यानंतर "सरी?" म्हणून कळलं का ते विचारतात आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नाहीत.

माझ्या हातावरचं कोड पाहून एकदा म्हणाल्या, "पेशीत रंग बनवायचा निरोप निघतो. इवलासा आरएनए त्या निरोपाला चिकटतो आणि रंग स्वल्प कमी होतो. सरी?"

"मग माझा रंग परत येईल?"

"माहीत नाही. शोधतोय आम्ही."

खोटा धीर दिला नाही, याचंच मला बरं वाटलं.

परवा हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी सगळ्यांच्या हातांना गंध लावलं. माझ्यापुढे मात्र वाटी ठेवली, "तुम्हीच लावून घ्या."

शेजारी बसलेल्या अक्कांनी वाटी उचलली, माझा हात मांडीवर घेतला आणि डागांवरून सावकाश गंध चोळलं.

"सरी?"

उत्तर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.