उंचीप्रमाणे लावलेली कॉलेजं

जहांगीरभाईंना समुद्राची भीती वाटते हे मला कळलं, तेव्हा लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. टँकर आला की आमच्या गल्लीतली शहाणीसुरती माणसं एका घागरीसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जायची. अशा दिवसांत हा माणूस माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रवी, समुद्र चढून राहिला."

"मग थोडा इकडं धाडा म्हणावं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मला अशा माणसांची चीड येते. समोरच्याने विनोद केला तर निदान ओठ तरी हलवावेत. जहांगीरभाई खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चेष्टा न्हाई बाबा. ध्रुवाकडचा बर्फ वितळून राहिला. शंभर वर्षांत वीतभर चढलं पाणी. आता तर लईच घाईनं चढून राहिलं." त्यांनी टेबलावर वीत उभी करून दाखवली. माझं एक गिऱ्हाईक येऊन गेलं तरी ती वीत तशीच उभी होती.

जहांगीर शेख हे ट्रेसर. ट्रेसर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारा कागद ठेवायचा आणि तो शाईने गिरवायचा, हा त्यांचा धंदा. रेघ चुकली तर ती पुसता येत नाही, ब्लेडने खरवडावी लागते, आणि कागदाला भोक पडलं तर दिवस वाया. तरुणपणी ते सरकारी कामांवर रोजंदारीने नकाशे गिरवायचे. तलावाची भिंत असो की रस्त्याचा चढ, प्रत्येक ठिकाणी एक आकडा लिहायचा असे, समुद्रसपाटीपासूनची उंची. लातूर सहाशे मीटरच्या वर, नांदेड साडेतीनशेच्या आसपास. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण त्याच्यापासून मोजलेले आकडे हजारो वेळा लिहिले होते. "तो शून्य हाय," ते मला सांगायचे. "शून्यच हलला तर बाकीचे आकडे कशावर उभे राहायचे?"

मी म्हणायचो, "तुम्ही टेकून उभे राहा."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांच्या हाताला खूप काम आलं. पडलेली गावं दुसऱ्या जागी वसवायची होती, म्हणजे नकाशे आले. त्यात त्यांच्या बहिणीच्या सासरचं तेरणेकाठचं गावही होतं. बहीण रईसा आणि तिची दोन लेकरं त्या पहाटे दगडमातीच्या भिंतीखाली गेली. नव्या गावात तिच्या दिराला जो प्लॉट मिळाला, तो जहांगीरभाईंनीच शाईने आखला. हे सगळं मला इतरांकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

त्यांच्या घरात गेलं की मात्र न बोलता कळायचं. जमलं असतं तरी त्यांनी स्लॅब टाकला नाही, पत्रेच ठेवले. भिंतीला फळी नाही, फोटो नाही, पलंगाजवळ कपाट नाही. कोपऱ्यात एक पालथा तांब्या आणि त्यावर उभा पेला, जमीन हलली तर पडून वाजेल म्हणून. त्या साली लातुरात घरोघरी असे तांब्या-पेले होते. आमच्याकडचा दिवाळीनंतर निघाला. त्यांच्याकडचा चोवीस वर्षं तिथंच होता, आणि भाभी रोज त्याच्या भोवतीनं झाडायच्या.

पुढे कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर संपले. पण तोवर लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं होतं. पोरं नांदेड, अहमदपूर, उदगीर, पार धर्माबादहून यायला लागली आणि सगळ्यांना नोट्स लागायला लागल्या. विरूपाक्ष सरांच्या नोट्समधल्या आकृत्या जहांगीरभाई काढायचे आणि मी त्यांच्या हजारो प्रती छापायचो. हृदय, मूत्रपिंड, बेडकाचं पोट. आज मराठवाड्यातले कितीतरी डॉक्टर जहांगीरभाईंच्या हृदयावर शिकलेत, आणि मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं की तेवढ्यापुरते ते लाजायचे.

समुद्र त्यांच्या डोक्यात शिरला तोही नोट्समधूनच. सरांनी त्यांना दोन पेले काढायला सांगितले. पहिल्या पेल्यात पाण्यावर तरंगणारा बर्फ. तो वितळला तरी पाणी होतं तेवढंच राहतं. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेला दगड आणि त्या दगडावर बर्फ. हा वितळला की पाणी चढतं. सरांना त्यावर एका प्रश्नाची सोय करायची होती. जहांगीरभाईंनी विचारलं, असा दगडावरचा बर्फ खरोखर कुठं असतो का? सर म्हणाले, असतो की. ग्रीनलंडवर आहे, अंटार्क्टिकावर आहे. ग्रीनलंडवरचा सगळा वितळला तर समुद्र सात मीटर चढेल. एवढं सांगून सर पुढच्या बॅचला निघून गेले. सर ते विसरलेही असतील. जहांगीरभाई मात्र त्या दिवसापासून मोबाइलवर बर्फ बघत बसायला लागले. कडे कोसळताना बघायचे, आवाज बंद करून.

आता त्यांच्या मुलीचं सांगतो. नाझनीन ही एकुलती एक. त्या पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्रीत, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून अभ्यास केलेली. दोन हजार सतराला नीटचा निकाल लागला आणि मार्क असे पडले की मुंबईचं मोठं सरकारी मेडिकल कॉलेज तिला मिळण्यासारखं होतं. तिचं लहानपणापासून तेच एक होतं, मुंबई. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत जुलैत होती. आणि त्याच आठवड्यात अंटार्क्टिकाच्या कडेचा बर्फाचा एक तुकडा तुटल्याची बातमी आली. आकाराने आपल्या लातूर जिल्ह्यापेक्षा थोडा लहान.

लातुरात पसंतीक्रम पोरं भरत नाहीत, बाप भरतात. दोन वर्षं पोराने फक्त वाचायचं, बाकी डोकं बापाने चालवायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पासवर्डसुद्धा बापाच्या डायरीत असतो. शेवटच्या दिवशी दुपारी माझ्या दुकानाबाहेर बापांची रांग लागली होती. जहांगीरभाई आत आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. सुंदर, सरळ, शाईची अक्षरं. सर्वांत वर अंबाजोगाई. मग लातूर, औरंगाबाद, पुणे, मिरज, सोलापूर, नांदेड, नागपूर. प्रत्येकासमोर मीटरमध्ये एक आकडा.

मला कळायला थोडा वेळ लागला. या माणसाने कॉलेजं उंचीप्रमाणे लावली होती.

"मुंबई कुठंय?" मी विचारलं.

"तिथं समुद्र हाय."

"जहांगीरभाई, लोक त्या कॉलेजसाठी देव पाण्यात घालून बसतात."

"पोरीला न्हाई घालायचं पाण्यात," ते म्हणाले. "तू भर, रवी. पाचला बंद होतं."

माझं डोकं फिरलं. रिवाज गेला खड्ड्यात. मी त्यांच्यासमोरच भाभींच्या नंबरवर फोन लावला आणि म्हणालो, नाझनीनला आत्ताच्या आत्ता दुकानात पाठवा. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त यादी पुढं-मागं सरकवत बसले. ज्या हाताने कधी रेघ हलू दिली नाही, त्याला एक कागद जागेवर ठेवता येईना, हे बघून मीच घाबरलो.

ती धापा टाकत आली. तिने यादी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. बाप-लेक घरी दखनी बोलतात, त्या दिवशीही दखनीतच बोलले. मी आपलं मराठीत सांगतो.

"अब्बा, तो तुकडा आधीपासून तरंगतच होता," ती म्हणाली. "तो वितळला तरी पाणी चढत नाही. ती आकृती तुम्हीच काढलीय."

"हाव. मीच काढली. दुसरी बी मीच काढली. असा कडेचा बर्फ मागच्या जमिनीवरच्या बर्फाला थोपवून धरतो. कडेचा गेला की मागचा सुटतो. मी बघून राहिलो रोज."

"पण त्याला काळ लागतो. या शतकाच्या शेवटापर्यंत हातभर, दोन हात. मी साडेपाच वर्षं राहणार. साडेपाच वर्षांत असं काय होणारे?"

"रईसाआपा तर एका रात्रीसाठीच आत गेली होती."

नाझनीनने यादीवरून मान वर केली. फुफी, म्हणजे आत्या, भूकंपात गेली, एवढंच तिला माहीत होतं. रांगेतला एक बाप दारातून डोकावला, त्याला मी हाताने परत लावला.

"ब्याण्णवपासून तिच्या गावात जमीन गुरगुरायची," जहांगीरभाई बोलायला लागले. ते आमच्याकडे बघत नव्हते. "भांडी पडायची. लोक अंगणात निजायचे. किती दिवस निजणार? कंटाळले, एकेक करून आत गेले. आपा न्हाई गेली. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात मी गेलो तर ती ताडपत्रीखाली दोन लेकरं घेऊन बसलेली. वरून पाऊस, धाकट्याला खोकला. मी तिला हसलो. भूकंपाचा नकाशा मी सोता गिरवलेला, त्याच्यात आपला भाग कोरा होता. म्हणलं, आपा, हे काळ्या दगडाचं पठार हाय, इथं काही होत न्हाई. ती म्हणली, मला भ्या वाटतं. म्हणलं, पोराचा खोकला बघ, आजच्या दिस तरी आत निज. तर म्हणली, तू शिकलेला हायस, तू म्हणतोस तर निजते. वाकळ उचलली आणि आत गेली. मी सांजच्या एसटीनं लातूरला आलो."

वर्षभर मी या माणसाची टर उडवली होती. समुद्राचं नाव काढलं की नळाचं विचारायचो. आता पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा वाटायला लागला.

नाझनीनने डोळे ओढणीला पुसले. मग यादी माझ्याकडे सरकवली. "भरा काका," ती म्हणाली. "हिच्याप्रमाणेच भरा. अब्बा म्हणतात तर राहू दे मुंबई."

मला वाटलं, सुटले जहांगीरभाई. त्यांना हवं होतं ते झालं. पण मी वळून बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला होता. ते पोरीकडे असे बघत होते, जणू ती कुठल्यातरी दारातून आत चाललीय. त्यांनी पटकन हात पुढे केला आणि ती यादी माझ्या बोटांखालून ओढून घेतली.

"न्हाई," ते म्हणाले. "असं न्हाई. मी म्हणतो म्हणून न्हाई."

"तुम्हीच तर..."

"मी तवा बी नकाशा बघूनच बोललो होतो, बेटा. आपाला तिचं तिला कळत होतं. मी ते ऐकलं न्हाई, तिला बी ऐकू दिलं न्हाई. माझ्या म्हणण्यावर तू आत बी नको जाऊ आन् बाहेर बी नको. तू शिकलीस. तू बघ. तूच भर."

पाचला पंचवीस मिनिटं होती. मी माझी खुर्ची सोडली. दुकान काढल्यापासून त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मला चालत नाही, पण मी उठलो आणि नाझनीन तिथं बसली. बापाची डायरी ओढून तिने पासवर्ड घातला. पहिल्या ओळीत मुंबई टाकली. दुसऱ्या ओळीपासून बापाची यादी समोर धरून एकेक नाव उतरवलं, त्यांच्याच क्रमाने, अंबाजोगाईपासून.

जहांगीरभाई तिच्या मागे उभे होते. त्यांनी सगळं वाचलं. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"तुला काही होणार न्हाई असं मी म्हणणार न्हाई," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटून राहिलं."

नाझनीनने मान वळवली नाही. "मला पण वाटतं, अब्बा," ती म्हणाली. "ती दुसरी आकृती पाठ करतानाच वाटलं होतं. तुम्ही आणखी घाबराल म्हणून बोलले नाही."

आणि तिने बटण दाबलं.